मामंजींचे तीन चढ

गेल्या वर्षी डोंगरातून बोगदा काढला आणि माझ्या दुकानासमोरचा रस्ता एका दिवसात म्हातारा झाला. काल ज्याला सगळे घाटरस्ता म्हणायचे, त्याला ‘तो मागचा रस्ता’ म्हणायला लागले. ट्रक गेले, मोटारी गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ सायकलवालेही गेले, कारण पलीकडच्या खोऱ्यात रस्ते फार गुळगुळीत आहेत अशी कुणीतरी आवई उठवली. मागे उरली दिवसाला तीन फेऱ्या करणारी एक बस, ती चालवणारा माझा नवरा, आणि घाटाच्या पायथ्याशी माझं सायकल दुरुस्तीचं दुकान.

दुकान माझं आहे. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण आमच्या घरात लोकांना त्याचा अधूनमधून विसर पडतो. मी सपाटीवरची, सायकलवाल्याची मुलगी. लग्न होऊन डोंगरात आले ती वडिलांची पान्यांची पेटी घेऊनच, आणि सतरा वर्षं त्या दुकानात वाकड्या चाकांचे आउट काढत उभी आहे. बोगद्यानंतर काम आठवड्याला एका पंक्चरवर आलं, तशी माझ्या नणंदेला माझी दया येऊ लागली. ती कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिने तिथे माझ्यासाठी एक खुर्ची धरून ठेवली. शर्टांना गुंड्या लावायच्या, दिवसभर, बसून.

“सावलीतलं काम आहे वहिनी,” ती म्हणाली. “हात काळे होणार नाहीत.”

माझ्या हातात तेव्हा मोठा पाना होता. तो मी आधी खाली ठेवला आणि मग तिला चहा विचारला.

नेमकी त्याच आठवड्यात पर्यटन कार्यालयाची जाहिरात आली. आमच्या डोंगरांतल्या आणि जंगलांतल्या सायकल मार्गांचा नकाशा ते छापणार होते. सहा मार्ग ठरले होते, सातवा हवा होता, आणि तो रहिवाशांनी सुचवायचा होता. अटी दोनच. मार्ग किमान चाळीस किलोमीटरचा असावा आणि एकच रस्ता पुन्हा मोजू नये. नकाशावर माझा रस्ता आला तर सायकली परत येणार आणि दुकान राहणार. नाही आला तर गुंड्या. इतकं सरळ होतं ते.

मार्ग सांगायला माणूस घरातच होता, म्हणजे माझे सासरे. मामंजी एकतीस वर्षं पोस्टमन होते आणि वरच्या सगळ्या वस्त्यांना सायकलवरून टपाल वाटायचे. एकतीस वर्षांत त्यांनी एकही दार चुकवलं नाही, आणि निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत मला ते ऐकवायची एकही संधी चुकवलेली नाही. गुडघे गेल्यापासून ते माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसतात. गिऱ्हाइकांची तोंडं त्यांना आठवत नाहीत, पण कुणाला कुठून कसली पत्रं यायची ते पाठ आहे, आणि ते सगळं ते चारचौघांत सांगतात. त्यामुळे माझी काही गिऱ्हाइकं बोगद्याच्या आधीच तुटली होती.

मार्गाचं विचारलं तसे मामंजी ताठ बसले. चार दुपारी ते सांगत होते आणि मी लिहीत होते.

“लिही. सात वाजता दुकानापासून निघायचं. पहिला, वखारीचा चढ. नऊ किलोमीटर, एकवीस वळणं. ऊन डाव्या गालावर. लाकडाच्या वखारीत सव्वाआठच्या आत पोचायचं, नाहीतर मुकादम ओंडके मोजायला आत जातो आणि सहीला सापडत नाही.”

“मामंजी, सायकलवाल्यांना कुणाची सही घ्यायची नसते.”

“रजिस्टर पत्र असलं तर?”

“नसतं हो.”

“असं तुला वाटतं,” ते म्हणाले. “पुढे लिही. परत खाली उतरून खालच्या वस्तीत बटवडा.”

“बटवडा कसला?”

“बरं, चहा लिही. मग दुसरा, शाळेचा चढ. नऊ किलोमीटर. ऊन डोक्यावर. मधल्या सुट्टीच्या आत पोचायचं. नंतर गेलं की मुलं घंटी वाजवून वाजवून तिचं झाकण पाडतात. परत खाली, जेवण. तिसरा, दवाखान्याचा चढ. नऊ किलोमीटर. ऊन उजव्या गालावर, वारा समोरून. हा सगळ्यात अवघड.”

वखारीच्या चढावर म्हणे कुत्री अंगावर येतात, शाळेच्या चढावर ती झोपलेली असतात आणि दवाखान्याच्या चढावर चार पावलं सोबत करतात. मी तेही लिहिलं. वखारीच्या चढाला एक पान, शाळेच्या चढाला दुसरं, दवाखान्याच्या चढाला तिसरं. वाड्यावस्त्यांची वाकडी वाट धरून बेरीज केली ती अठ्ठावन्न किलोमीटर आली. चाळीस मागितले होते, आम्ही अठ्ठावन्न दिले. मी खुशीत खाली सही ठोकली.

आता कुणीही विचारेल, सतरा वर्षं घाटाच्या पायथ्याशी राहतेस, वर किती रस्ते जातात हे तुला ठाऊक नाही? खरं सांगते, नव्हतं. मला वळणांवर मळमळतं. घाटातल्या बस ड्रायव्हरच्या बायकोला बस लागते, यावर आमच्याकडे पुरेसं हसून झालेलं आहे. वर जायची वेळ आली की मी नवऱ्याच्या मागच्या सीटवर बसते, डोळे गच्च मिटते आणि थांबलं की उघडते. आणि सायकलवरून? दुरुस्त केलेली सायकल मी दुकानासमोरच्या सपाटीवर शंभर पावलं फिरवते, ब्रेक बघते, गिऱ्हाइकाच्या हातात देते. चढ हा गिऱ्हाइकाचा प्रश्न असतो.

नवऱ्याला विचारता आलं असतं. पण त्याला काही विचारायचं म्हणजे आधी तो गाडी बाजूला लावल्यासारखा थांबतो, मग दोन शब्द बोलतो. मला घाई होती.

रविवारी परीक्षा झाली. कार्यालयाचा नियम असा की मार्ग कागदावर लिहिलाय तसा पूर्ण चालवून बघायचा. कार्यालयातून एक मॅडम आल्या. काटक, कमी बोलणाऱ्या, पाठीवरच्या पिशवीत फाइल. सोबत हौशी सायकलपटू म्हणून एक दातांचे डॉक्टर होते. त्यांची सायकल इतकी महागडी की मी तिला आधी हात पुसून मगच हात लावला. बरोबर सात वाजता दोघं माझ्या दारातून निघाले. मामंजींनी घड्याळ बघून मान हलवली.

नऊ वाजता नवऱ्याची बस पहिली फेरी करून खाली आली.

“दिसले का हो?” मी धावत जाऊन विचारलं.

“चढत होते,” तो म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. साडेअकराला बस पुन्हा खाली आली.

“दिसले?”

“चढत होते.”

“अजून?”

“परत.”

“परत म्हणजे?”

त्याने विचार केला. “परत म्हणजे पुन्हा. सकाळी चढले, उतरले. आता त्याच वळणावर पुन्हा चढत होते. मला वाटलं, हौस असेल.”

तेवढ्यात बसच्या मागच्या दारातून दातांचे डॉक्टर उतरले. उतरले म्हणजे पाय खाली सोडून बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. टपावरून त्यांची सायकल काढून देताना नवऱ्याने मला सांगितलं की सायकलचं सामानाचं तिकीट फाडलंय, नियमाप्रमाणे.

मी दुकानात परत आले. मामंजी स्टुलावर होते.

“मामंजी, वखारीचा चढ कुठून सुरू होतो?”

“या इथून. दारातून.”

“आणि शाळेचा?”

“दारातूनच की.”

“आणि दवाखान्याचा?”

“कुठून होणार?” ते म्हणाले. “वर जायला दुसरा रस्ता आहे का इथे?”

मी कपाळाला हात लावून टायरांच्या ढिगावर बसले. मुकादम सहीसाठी सकाळी सापडतो, म्हणून पहिल्यांदा वर. शाळा मधल्या सुट्टीच्या आत गाठायची, म्हणून दुसऱ्यांदा वर. दवाखाना दुपारी, म्हणून तिसऱ्यांदा वर. या माणसाने मला सायकलचा मार्ग सांगितलाच नव्हता. त्याने टपालाची फेरी सांगितली होती, दारांच्या क्रमाने. एकच रस्ता, नऊ किलोमीटर, तीनदा. कुत्रीसुद्धा तीच.

मॅडम दीड वाजता तिसऱ्या चढावरून खाली आल्या. लिहिलंय ते पूर्ण करायचं, या नियमाखातर त्या तिसऱ्यांदाही चढल्या होत्या. चेहरा लालबुंद झालेला. हेल्मेट काढलं, पाणी प्यायल्या आणि उभ्याउभ्या फाइल उघडली.

“एकच रस्ता तीन वेळा,” त्या म्हणाल्या. “एकदा मोजला तर बावीस किलोमीटर. चाळीसला कमी पडतात. मार्ग बाद.”

“एकच कसा?” मामंजी स्टुलावरून उठले. “वखारीच्या चढाला सातव्या वळणावर धुकं असतं, पुढचं चाक दिसत नाही. शाळेच्या चढाला तिथेच डांबर मऊ होतं, टायर धरून ठेवतं. दवाखान्याच्या चढाला झाडांची सावली आडवी पडते, खड्डा कुठला आणि सावली कुठली ते कळत नाही. एकतीस वर्षं चढलोय मी. एक रस्ता म्हणे!”

“जमीन एकच आहे आजोबा,” मॅडम म्हणाल्या. त्या उर्मटपणे बोलल्या नाहीत, उलट जरा हळूच म्हणाल्या, आणि तेच जास्त लागलं.

मामंजींनी पाठ फिरवली. त्यांना बोलणं अर्धं सोडताना मी त्याआधी फक्त एकदाच पाहिलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा. ते आत जाऊन टांगलेल्या ट्यूबांच्या मागे उभे राहिले, जणू काही तिथे काम होतं. मला दुकान जाणार याचं वाईट वाटत होतंच. पण त्यांचं असं पाठमोरं उभं राहणं मला अजिबात सहन झालं नाही.

“काहीतरी मार्ग असेल मॅडम,” मी म्हणाले.

“अर्जावर सही तुमची आहे. तुम्ही हा मार्ग चालवलाय?”

“नाही.”

“एकदाही?”

“मी वर बसने जाते,” मी म्हणाले. आता लाजून काय उपयोग होता? “डोळे मिटून.”

दातांचे डॉक्टर पोटरी धरून बसले होते. ते इतके हसले की त्यांच्या दुसऱ्या पोटरीतही गोळा आला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फाइलमधली पानं उलटली. “नियम अकरा. अर्जदाराने संपूर्ण मार्ग स्वतः चालवून आठ दिवसांत लेखी अहवाल दिला, तर फेरविचार होऊ शकतो. संपूर्ण मार्ग,” त्या म्हणाल्या. “लिहिलाय तसा.”

मंगळवारी सात वाजता मी निघाले. दुकानातली त्यातल्या त्यात हलकी, गिअरची सायकल घेतली, साखळीला तेल दिलं, आणि दुकान मामंजींवर सोपवलं. वेळा पाळ, एवढंच त्यांनी मला बजावलं.

पहिल्या चढाबद्दल मी फार बोलणार नाही. तिसऱ्या वळणाला मी वडिलांना नावं ठेवली, की सायकलवाल्याऐवजी शिंपी का झाला नाहीत. सातव्या वळणावर खरंच धुकं होतं. कुत्री अंगावर आली तेव्हा माझ्यात पळायची ताकद नव्हती, त्यामुळे तीच गोंधळून थांबली. पण एक गोष्ट झाली. मला मळमळलं नाही. डोळे उघडे होते, रस्ता मी स्वतः वळवत होते, आणि पोट जागच्या जागी होतं. वखारीत मुकादम दारातच उभा होता. “सही पाहिजे का?” त्याने विचारलं आणि हसला.

दुसऱ्या चढाला डांबर मऊ होतं. नवऱ्याची बस मागून आली, हळू झाली आणि माझ्या बाजूने चालू लागली. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. आता हा म्हणणार, बस आत. म्हणाला असता तर मी बसलेच असते.

“दुसरा गिअर टाक,” तो म्हणाला आणि निघून गेला. सतरा वर्षांत त्याने मला धंद्यातलं पहिल्यांदा काही शिकवलं, आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे ते बरोबर होतं.

तिसऱ्या चढाला मी बरंच अंतर उतरून ढकलत गेले. नियम अकरामध्ये ढकलण्याबद्दल काही लिहिलेलं नाही, मी बघितलं होतं. कुत्री चार पावलं सोबत आली. तीनला पाच मिनिटं कमी असताना छातीच्या आजारांचा तो दवाखाना आला.

फाटकाच्या आत, रस्त्याकडे तोंड करून एक लांबलचक बाक आहे. त्यावर दहाबारा पेशंट रांगेत बसलेले होते. काहींच्या अंगावर शाली, एकाच्या नाकात नळी. मी शेवटच्या वळणावर दिसले तशा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून बघितलं, कोण येतंय ते. कुणीच नव्हतं.

फाटकावरचा म्हातारा पहारेकरी पाणी घेऊन आला.

“हे सगळे इथे कशाला बसलेत?” मी धापा टाकत विचारलं.

“तीनला बाहेर बसायचं, अशी पद्धत आहे,” तो म्हणाला. “जुने पेशंट नव्यांना सांगतात. का बसायचं ते त्यांनाही ठाऊक नाही. मला आहे. तीनला पोस्टमन यायचा.” मग त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. “तू सून ना त्यांची? पाना घेऊन आलेली?”

“हो.”

“खरं म्हणजे त्यांनी इथे तीनला यायचं कारणच नव्हतं. दवाखान्याचं टपाल सकाळी वखारीत येतानाच माझ्याकडे टाकायचं, असाच हुकूम होता. वखार तर त्या समोर आहे. पहिल्या वर्षी ते तसंच करायचे. पण सकाळी पेशंट औषधं घेऊन झोपलेले असतात. मी गठ्ठा आत द्यायचो, आतले उद्यावर टाकायचे. एकदा एका बाईचं पत्र तिच्या हातात पडायला एक दिवस उशीर झाला. तेवढ्यात ती गेली. त्यानंतर तुझा सासरा तीन वाजता पुन्हा यायला लागला. प्रत्येकाच्या हातात पत्र द्यायचा. ज्याचं पत्र नसेल त्याला उद्या येईल म्हणायचा. खात्याने कधी सांगितलं नाही की कधी विचारलं नाही.”

मी बाकाच्या कडेला बसले. मला रडू येत होतं, आणि ते दमल्यामुळे आहे असं मी सगळ्यांना सांगितलं. बाजूच्या आजींनी आपली अर्धी शाल माझ्या खांद्यावर टाकली.

खाली आले तेव्हा मामंजींनी दुकानातल्या तीन ट्यूब चुकीच्या मापाच्या विकून ठेवल्या होत्या. मी त्यावर एक शब्द बोलले नाही.

“मामंजी, दवाखान्याचं टपाल सकाळीच का नाही हो देऊन टाकलंत?”

“सकाळी ती माणसं झोपलेली असतात,” ते म्हणाले. एवढं साधं कळत नाही का, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

अहवालात छापील प्रश्न होता, ‘एकच रस्ता पुन्हा येतो का?’ मी लिहिलं, ‘जमीन मोजली तर येतो. पहिले दोन चढ टपाल खात्याने लावलेले आहेत. तिसरा कुणीही लावलेला नव्हता, तो माझ्या सासऱ्यांनी तीस वर्षं आपण होऊन चढला. तो वेगळा मोजावा, ही विनंती.’

मॅडमनी कार्यालयातल्या टेबलाशी ते दोनदा वाचलं.

“असा मोजायचा नियम नाही,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे. तुम्ही दवाखान्यापाशी किती वाजता पोचला होतात?”

“एक वाजता. बाकावर कुणी नव्हतं.”

“तीनला जा,” मी म्हणाले आणि घरी आले.

पुढच्या रविवारी दोन वाजता त्या माझ्या दारावरून वर गेल्या. पाठीवर फाइल नव्हती. उतरताना त्या थांबल्या नाहीत, नुसता हात केला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. आठवड्याने पत्र आलं. मार्ग सातवा, अंतर अठ्ठावन्न किलोमीटर, चढ तीन. खाली सायकलस्वारांसाठी एकच सूचना होती, तिसऱ्या चढाच्या माथ्यावर बरोबर तीन वाजता पोचावे.

आता रविवारी माझ्या दुकानासमोर सायकली लावायला जागा नसते. तीन चढ म्हणजे तीन उतार, आणि त्या उतारांवर ब्रेकचे रबर लोण्यासारखे झिजतात, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. नणंदेने ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी दिली. मामंजी आल्यागेल्याला विचारतात, दवाखान्याला किती वाजता पोचलात. तीन वाजून गेले असं कुणी म्हणालं की त्याच्याशी ते त्या दिवशी बोलत नाहीत.

नकाशे छापून आले तेव्हा मात्र त्यांचा पारा चढला. सातव्या मार्गापाशी, जंगलाच्या हिरव्या रंगातून, एकच बारीक रेघ वर गेली होती.

“हे काय? एकच?”

“मामंजी, नकाशात रस्ता एकच दिसणार.”

“का? मी तीन चढलो,” ते म्हणाले.

म्हणून आमच्या दुकानात नकाशांचा गठ्ठा आला की पहिले दोन दिवस तो कुणाला देता येत नाही. मामंजी स्टुलावर बसतात, मांडीवर पाट घेतात आणि प्रत्येक नकाशावर त्या रेघेच्या बाजूला लाल पेनने आणखी दोन रेघा ओढतात. गिऱ्हाइकं दारात खोळंबतात, काही कुरकुरतात. मी त्यांना म्हणते, थांबा, अजून दवाखान्याचा चढ व्हायचाय.